नव्वद किलो, बारदान धरून

माणूस नक्की कशाचा बनलेला असतो, या प्रश्नाचं निर्विवाद उत्तर मुळशी तालुक्यात एकदा दिलं गेलं आहे. ते आमच्या शाळेच्या व्हरांड्यात दोन बाकांवर मांडलेलं होतं आणि त्यातला बराचसा भाग तेलाच्या रिकाम्या डब्यांत होता.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी त्या शाळेत विज्ञान शिकवत असे. शाळेला प्रयोगशाळा होती, म्हणजे एक कपाट होतं. पाणी मात्र नव्हतं. मागच्या टेकडीवर चढलं की धरणाचं पाणी डोळ्यांत मावणार नाही इतकं दिसायचं, पण ते घाटाखाली उतरून मुंबईचे दिवे लावण्यात गुंतलेलं असे. आमच्या मुली शेतं ओलांडून विहिरीवरून कळशा आणत आणि सकाळचे तास त्यातच जात. गणितात मुली कच्च्या का, यावर मुख्याध्यापकांनी एकदा तालुक्यातल्या मुख्याध्यापकांच्या बैठकीत भाषणही केलं होतं.

त्या वर्षी गावाला हातपंप मंजूर झाला. एकच. तो कुठे बसवायचा हे सरपंच ठरवणार होते, आणि सरपंचांच्या मनात स्वतःच्या घरासमोरची चिंचेखालची जागा होती. मुख्याध्यापकांना तो शाळेच्या अंगणात हवा होता. अर्ज लिहिण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता, पण सरपंच अर्ज वाचत नसत. म्हणून त्यांनी दुसरा रस्ता धरला. तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन त्या वेळी आमच्याकडे भरणार होतं. त्यात ‘मानवी देहाचे घटक’ मांडायचे आणि मानव म्हणून खुद्द सरपंचांना घ्यायचं.

“म्हंजी माजा पुतळा?” सरपंचांनी विचारलं.

“पुतळ्याच्या पुढचं, आबा,” मुख्याध्यापक म्हणाले. “पुतळा वरवरचा असतो. आम्ही तुम्हाला आतून मांडणार.”

गावात सगळे त्यांना आबाच म्हणत. तरुणपणी त्यांनी कुस्त्या मारल्या होत्या आणि त्या अजून संपल्या आहेत असं त्यांना वाटत नव्हतं. आतून मांडलं जाणं त्यांना आवडलं.

पहिलं काम वजनाचं. तेवढा मोठा काटा गावात एकाच ठिकाणी होता, बाजारातल्या चाचांच्या धान्याच्या दुकानात. चाचा आणि आबा एकाच वर्गात नापास झालेले, त्यामुळे त्यांच्यात भीड नव्हती. आबा धोतर सावरून, फेट्यासकट काट्यावर चढले.

“नव्वद किलो,” चाचांनी वाचलं. “बारदान धरून.”

“बारदान कुटलं?”

“फेटा, धोतर, वहाणा. पोत्याचं वजा करतो आमी. तुमचं करू?”

“ऱ्हाऊ दे. फेट्याशिवाय मी हाय व्हय कुटं?”

मी नव्वदच धरले. विज्ञानाला तिथे पहिला धक्का बसला, पण तो सौम्य होता.

पुस्तकाच्या हिशेबाने मी सामान जमवलं. माणसात दोन तृतीयांश पाणी, म्हणून पाण्याने भरलेले चार डबे. प्रथिनांसाठी हुलगे, कारण तूरडाळ द्यायला चाचा तयार होईनात. चरबीसाठी वनस्पती तुपाचा डबा. हाडांसाठी चुना. साखर एक पुडी, मीठ एक पुडी. आणि रक्तातल्या लोहासाठी एक खिळा. तोही मध्यम.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी आबा स्वतःला बघायला आले. बाकांवरून एकदा डावीकडून उजवीकडे गेले, मग उजवीकडून डावीकडे.

“ह्ये चार डबे?”

“पाणी.”

“मी?”

“आपण सगळेच.”

“तुमी असाल मास्तर. तुमी पुन्याचं. मी पानी न्हाई.”

मी समजावू लागलो. शरीरातलं सगळं काम पाण्यातच चालतं, साखर त्यात विरघळून जिथे लागेल तिथे पोचते, मीठही तसंच. बी कोरडं असतं तोवर त्यात काही घडत नाही, आणि हे हुलगे आज भिजत घातले तर परवा मोड काढतील. सरपंचांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजी मी भिजल्याला हुलगा?”

मुख्याध्यापक माझ्याकडे असे बघत होते, जणू हातपंप त्यांच्या डोळ्यांदेखत चिंचेखाली चालला आहे. तेवढ्यात आबांना खिळा दिसला. त्यांनी तो चिमटीत धरला आणि कंदिलाच्या उजेडात फिरवला.

“आन् ह्यो?”

“लोह, आबा. एवढंच असतं. पैलवानातसुद्धा.”

“एवढ्यावर घोड्याचा नाल बी बसत न्हाई,” आबा म्हणाले आणि खिळा खिशात टाकून निघून गेले. थोड्या वेळाने त्यांचा गडी एक पहार घेऊन आला. हिचं नाव लिहा म्हणाला, लोखंड.

गड्याच्या येरझाऱ्यांतून ती पूर्ण संध्याकाळ मानवी देहाच्या वाटाघाटींत गेली. शेवटी ठरलं ते असं: पहार राहील. दोन डबे बाकाखाली, पडद्याआड. उरलेल्या दोन डब्यांवर ‘पाणी’ असं न लिहिता मुख्याध्यापकांनी आपल्या वळणदार अक्षरात ‘जीवनरस’ लिहिलं. त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी खाली लाल रेघही ओढली. मी हरकत घेतली, तेव्हा ते म्हणाले, “सर, शास्त्र पुस्तकात राहतंच. पंप एकदाच येतो.”

दुसऱ्या दिवशी ऊन कडक होतं. तालुक्याच्या कानाकोपऱ्यातून शाळा आल्या. काही पोरं एसटीने, बरीचशी पायी. लवळ्याची पोरं डोंगर उतरून आली होती आणि त्यांना विज्ञानात त्या क्षणी रस नव्हता. त्यातल्या एकाने जीवनरसात बोट बुडवलं, चाटलं आणि मागे वळून ओरडला, “पानी हाय रं!”

पुढचं फार लवकर झालं. आधी वरचे दोन डबे गेले, मग कोणाला तरी बाकाखालचे सापडले. मुख्याध्यापक “अरे, तो देह आहे, देह!” म्हणत धावत होते, पण रांग लागली होती आणि रांगेत दोन शिक्षकही होते. मी मधे पडलो नाही. मलाही तहान लागली होती.

दुपारी शिक्षण खात्याचे मोठे साहेब जीपमधून आले. आबा कडक इस्त्रीत, नवा फेटा बांधून स्वतःशेजारी उभे होते. साहेबांनी हुलगे पाहिले, तूप पाहिलं, पहारीपाशी थोडा वेळ थांबले आणि कोरड्या डब्यांत डोकावले.

“मानवी देह ना हा? मग पाणी कुठंय? माणसात पाणी नसतं का?”

मुख्याध्यापकांनी घसा साफ केला. तोही कोरडाच होता. तेवढ्यात आबा पुढे झाले. आदल्या संध्याकाळी ज्यांनी स्वतःतलं निम्मं पाणी पडद्याआड ढकललं होतं, त्यांना आता भर सभेत आपण कमी पडलो हे सहन होईना.

“नसतं कसं? लई व्हतं साह्येब! चार डबे भरून व्हतो मी. ह्या पोरांनी प्यालं.”

“तुम्हाला?”

“व्हय, मला.”

“शाळेत प्यायला पाणी नाही का?” साहेबांनी विचारलं.

सगळ्या शाळा आबांकडे बघत होत्या. मागे चाचाही उभे होते. ते मोठ्याने म्हणाले, “पंप येतोय की. आबाच्या चिंचंला लई तहान लागलीय म्हनं!”

पोरं हसली. आबांनी चाचांकडे असं पाहिलं की जुनी कुस्ती तिथेच जुंपायची. मग फेटा सारखा केला आणि म्हणाले, “पंप शाळंतच बसनार हाय. माज्या अंगातलं पानी पोरांनी किती दिस प्यायचं?”

टाळ्या झाल्या. मुख्याध्यापकांनी डोळे पुसले. आभाराच्या भाषणात त्यांनी सांगितलं की एका व्यक्तीने आपल्या देहातलं पाणी भावी पिढीला दिल्याचं दुसरं उदाहरण त्यांना ठाऊक नाही. मलाही ठाऊक नव्हतं.

पंप पावसाळ्याआधी बसला, शाळेच्या अंगणात, शब्द दिल्याप्रमाणे. नारळ फुटला, पहिला दांडा आबांनी मारला आणि पाणी आलं. ते तांबडं होतं. दोन दिवसांत निवळेल असं सगळे म्हणाले. निवळलं नाही. पांढरे सदरे पिवळे पडू लागले, तेव्हा मी एक बाटली पुण्याला तपासून आणली. लोह जास्त, पिण्याजोगं नाही.

आबांना सांगायला गेलो. ते चिंचेखाली बसले होते. पूर्ण ऐकून घेऊन त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “खिळ्यापरीस जास्त?”

“बरंच जास्त.”

“मंग!”

त्यांनी पहार परत मागवली नाही. ती पुढे बरीच वर्षं शाळेच्या कपाटात होती, ‘लोह’ असं लिहिलेली. पंपाच्या पाण्याने आम्ही व्हरांडा धूत असू. प्यायचं पाणी मुली विहिरीवरून आणत.