ट्रीट, क्युअर आणि आडसाली ऊस

जवळच्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांमधला फरक शिकवण्यात सांगलीतली माझी उभी नोकरी सरली. ट्रीट म्हणजे उपचार करणं, क्युअर म्हणजे रोग कायमचा घालवणं. एकाच्या जागी दुसरा लिहिला की मी अर्धा मार्क कापायची. मुलं मागे मला ‘अर्धा मार्क’ म्हणत. मला त्याचा रागही यायचा नाही, उलट थोडा तोराच वाटायचा.

पावणेदोन वर्षांपूर्वी, आषाढात, थोरल्या भावाचं पोटाचं दुखणं बळावलं म्हणून त्याला मिरजेच्या दवाखान्यात दाखवलं. दादा कडेगावजवळ आमची शेती करायचा. आमच्यात जो शिकलेला, त्यानं डॉक्टरांना आत जाऊन भेटायचं आणि बाहेर येऊन सगळ्यांना सांगायचं, अशी रीत. डॉक्टर माझ्याशी इंग्रजीतच बोलले. “वुई कॅन ट्रीट इट,” म्हणून थांबले. दुसरा शब्द येईल म्हणून मी वाट पाहिली. तो आला नाही. किती दिवस हातात आहेत, असं विचारलं तर म्हणाले, वर्षभर धरा.

बाहेर गावाकडची दहा-बारा माणसं भाकरीची गाठोडी घेऊन बसलेली. “काय म्हनला डाक्टर?” एकदम सगळ्यांनी विचारलं.

“औषध सुरू केलंय. बरा होईल,” मी म्हणाले.

दादा खूश. “मग वरच्या रानात सोयाबीन नगं. आडसाली लावतो.”

सोयाबीन चार महिन्यांत घरात येतं. आडसाली ऊस तोडायला दीड वर्ष लागतं. डॉक्टरांनी धरलेलं वर्ष मनात मोजूनही मी “लाव” म्हणाले.

आठ दिवस मला माझीच लाज वाटली. जन्मभर परक्या पोरांचे मार्क कापले आणि सख्ख्या भावाशी धडधडीत खोटं बोलले! रविवारी गावी गेले तर सऱ्या सोडून झाल्या होत्या, उसाचं बेणं, लावायच्या कांड्या, बांधावर येऊन पडलं होतं. तिथंच बसून मी दादाला ते दोन शब्द समजावून सांगितले, वर्गात सांगायची तसे.

“म्हंजी दुखायचं कमी हुईल, दुखणं जायाचं न्हाई,” तो म्हणाला.

“हो.”

“किती दिस?”

मी सांगितलं.

त्यानं बेण्यातली एक कांडी उचलली. मग म्हणाला, “पोरांचं मार्क जाग्यावर कापायचीस, आन् मला सांगाया आठ दिस?”

मला रडू कोसळलं. आता हा सोयाबीन पेरायला काढणार, असं वाटलं. पण तो उठला. “चपला काढ, मास्तरीणबाई. पयली कांडी तू लाव.”

मी सरीत कांडी ठेवली. दादानं वाकून ती वळवली, कोंब फुटायचा डोळा बाजूला केला. “अर्धा मार्क कापला,” म्हणाला. आणि मग सरळ उभा राहून, “तोडणीला मी नसन. तू ये. आन् खोडवा मोडू नगंस, तोडल्या उसाच्या बुडख्यातनं परत फुटतोय त्यो.”

ऊसतोडीची टोळी गेल्या महिन्यात आली. दादाला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. रान रिकामं झाल्यावर मुकादमानं विचारलं, “बाई, मोडायचं का?”

“नाही. खोडवा राखायचाय.”

परवा पाणी द्यायला गेले. बुडखे फुटले होते.