परत येण्याचं चित्र

"तोंडानं सांगू नको, काढून दाखव."

हे माझ्या शेजारणीचं पालुपद. लहान-मोठं काही बघायची नाही. गल्लीतल्या पोरांना म्हणायची, दूधवाल्याला म्हणायची, मलासुद्धा म्हणायची. एकदा मी सुनेच्या तक्रारी घेऊन तिच्या ओसरीवर जाऊन बसले, तर हिनं कोळशाचा तुकडा माझ्यापुढं ठेवला. "मावशी, सूनबाईचं काय चुकलं ते काढून दाखवा." आता मी काय काढणार? पोळ्या जाड लाटते, हे काढायचं कसं? कोळसा तिथंच ठेवून उठले. घरी येईपर्यंत माझा निम्मा राग उतरला होता, आणि तो उतरला म्हणूनही मला रागच आला.

ती आता नाही. आधीच सांगून टाकते, कारण मला गोष्ट लांबवून माणसाला धक्के द्यायची सवय नाही. तुमच्याही शेजारी असं एखादं माणूस असेल. असेल तर बघून घ्या नीट.

हिंगोलीजवळ, नरसीच्या रस्त्याला आमचं गाव. मी ब्लाउज शिवते. तिचं घर माझ्या घराला लागून. माणसं मेंढरांची. दिवाळी झाली की तिचा नवरा मेंढरं घेऊन निघायचा, तो पावसाच्या तोंडाला परत यायचा. बाकीच्या बायका लेकराबाळांसकट मेंढरांमागं जायच्या. ही मागं राहायची, कारण कावेरी. एकुलती एक पोर, जन्मापासून कानानं ऐकू येत नाही. रस्त्यानं चालताना मागून गाडीनं हॉर्न दिला तर पोरगी बाजूला कशी होणार? म्हणून मायलेकी घरी.

कावेरीला तिनं गावच्या शाळेत घातलं होतं. गुरुजी भले होते, पुढं बसवायचे. पण पोरगी घरी आली की आरशापुढं उभी राहायची आणि नुसतं तोंड उघडायची, मिटायची, परत उघडायची. मी विचारलं, "हे काय करून राहिली गं?" तर माय म्हणाली, "शाळा शाळा खेळून राहिली, मावशी. तिला वाटतं शाळा म्हंजे एवढंच." त्यानंतर तिनं पोरीला शाळेत पाठवलं नाही. सासरा तेव्हा जिता होता, तो वैतागला. "घरी ठेवून काय शिकवणार हायेस? तू सोता धाव्वी नापास."

"व्हय," ती म्हणाली, "पण चित्रकलेत न्हाई झाले नापास."

आणि खरंच, चित्रातूनच तिनं घरातली शाळा उभी केली. ओसरीची भिंत पांढऱ्या मातीनं सारवली. रंग म्हणजे कोळसा, गेरू, हळद आणि कपड्याची नीळ. बाभळीच्या काडीला मेंढीची लोकर बांधून कुंचला. माझे कापडावर खुणा करायचे खडू कुठं गायब व्हायचे, याची चौकशी मी केली नाही. केली असती तर तक्रार काढून दाखवावी लागली असती.

मेंढरं काढून आकडे शिकवले. पाणी काढलं, खाली 'पाणी' लिहिलं. चुकलं की पदरानं पुसायची. मी शिवणकाम करणारी, माझी नजर आधी कापडावर जाते. तिच्या प्रत्येक साडीचा पदर टोकाला काळा. मी म्हणायचे, "अगं, फडकं घे की." ती म्हणायची, "फडकं सापडंस्तोवर लेकरू इसरून जातं."

संध्याकाळी शाळा सुटली की गल्लीतली पोरंही तिथंच. ती त्यांना फूल, झोपडी, डोंगर असलं काही काढायला सांगतच नसे. म्हणायची, खाज काढा. वारा काढा. पावसात भिजलेल्या मेंढराचा वास काढा. पोरं डोकं खाजवत बसायची. वाऱ्याच्या दिवशी सगळ्यांनी वाकलेली झाडं काढली. कावेरीनं माझ्या दोरीवरचा एक ब्लाउज काढला, वाऱ्यानं टम्म फुगलेला. तो कुणाचा हे गल्लीत प्रत्येकानं ओळखलं. त्या बाईनं पुढं महिनाभर माझ्याकडं कापड टाकलं नाही. पण चित्र झकास होतं, खोटं कशाला बोलू.

चांगलं-वाईट असं काही ती म्हणायची नाही. पोरं विचारायची, "काकू, बराबर हाय का?" ती चित्रापुढं उकिडवी बसायची, हनुवटीला बोट लावून बघायची आणि म्हणायची, "मला कळलं." किंवा, "न्हाई कळलं रे, आजून काढ." एवढीच परीक्षा. कळलं म्हणाली की पोरगं उड्या मारत घरी जायचं, आणि तिचाही चेहरा असा उजळायचा, जसं काही तिलाच कुणी शाबास म्हटलं.

एका दिवाळीच्या पाडव्याला मात्र फजिती झाली. पाडव्याला आमच्याकडं मेंढरं रंगवून पुजतात. तिनं रंगवायचं काम पोरांवर सोपवलं. पोरांना काय, रान मोकळं. एका मेंढराच्या कुशीवर सूर्य, एकावर मोटारसायकल, आणि गेरू उरला म्हणून सगळ्यांच्या पाठीवर एकेक लाल पट्टा. आता लाल पट्टा म्हणजे व्यापाऱ्याची खूण. निवडून घेतलेल्या जनावराच्या पाठीवर तो लाल पट्टा ओढतो, मग टेम्पो येतो आणि पट्ट्याचं जनावर घेऊन जातो. त्याच आठवड्यात टेम्पो आला, तर सगळा कळपच लाल. नवरा डोक्याला हात लावून बसला. "काय करून ठेवलं हे? कोणतं इकलेलं आन कोणतं घरचं?" तिनं त्यालाच बादली दिली आणि धुवायला बसवलं. कावेरी ओसरीवर बसून बघत होती. लाल पट्टा म्हणजे टेम्पो आणि टेम्पो म्हणजे गेलेलं मेंढरू, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचं एक लाडकं कोकरू असंच गेलं होतं.

असे दिवस चालले होते. मग एका दुपारी कावेरी रडत आली आणि तिनं भिंतीवर काहीतरी काढलं. गोल, त्यात गोल, त्यातून बाहेर जाणाऱ्या रेघा. माय समोर बसली. विहीर काढून दाखवली, पोरीनं मान हलवली. चाक काढलं, तरी नाही. पोट काढलं, डोळा काढला, भोवरा काढला. नाही, नाही, नाही. पोरगी पुन्हा पुन्हा तेच गोल गिरवत होती. शेवटी तिनं कोळसा फेकून दिला आणि मायच्या मांडीवर डोकं आपटून रडली. ते गोल कशाचे होते, आजवर कुणाला कळलं नाही.

त्या दिवशी तिच्या घरी चूल पेटली नाही. मी भाकरी घेऊन गेले तर भिंतीकडं बघत बसलेली. म्हणाली, "मावशी, तिला कायतरी सांगायचं हाय, आन ते माझ्या चित्रात बसत न्हाई. आज बसलं न्हाई, उद्या आजून मोठी व्हईल. मंग काय करू?"

गावात लेकरं तपासायला आलेल्या एका बाईंनी तिला आधीच सांगितलं होतं, नांदेडला अशा मुलांची राहायची शाळा आहे, तिथं हातांच्या खुणांची भाषा शिकवतात, पोरगी हुशार आहे, पाठवा. तेव्हा हिनं त्यांना चहा पाजून वाटेला लावलं होतं. आता हीच म्हणाली, पाठवते.

पण कावेरीला सांगायचं कसं? तिनं भिंतीवर गाडी काढली, गाडीत वेणी घातलेली पोरगी काढली, पुढं मोठं घर आणि पुष्कळ लेकरं. एसटी काय आणि टेम्पो काय, चित्रात एक चौकोन आणि खाली चाकं. कावेरी बघत राहिली. मग उठून तिनं गेरूत बोट बुडवलं आणि गाडीतल्या पोरीच्या पाठीवर लाल पट्टा ओढला.

मी तिथंच होते, शिवलेला ब्लाउज द्यायला गेले होते. मायचा चेहरा बघवेना. तिनं पदरानं पट्टा पुसला. पोरीनं परत ओढला. पुसला, ओढला. पोर आकांत करत नव्हती, हेच वाईट. नुसतं मायच्या तोंडाकडं बघत होती, खरं का, असं.

"मावशी," ती मला म्हणाली, "जाणं काढता येतं. परत येणं कसं काढू?"

तिनं खूप खटपट केली. गाडीचं तोंड घराकडं फिरवून दुसरी गाडी काढली. कावेरीला वाटलं, आणखी एक टेम्पो आला. त्यातल्या पोरीलाही तिनं पट्टा ओढला. तेव्हा घरी येशील हे सांगायला पाऊस काढून झाला, दिवाळीच्या पणत्या काढून झाल्या. काही उपयोग नाही. मग तिनं कोळसा ठेवला, पोरीचा हात धरला आणि एसटीनं हिंगोलीला गेली. स्टँडवर उतरली, पोरीला भजी खाऊ घातली आणि दुसऱ्या गाडीनं परत आली. आल्याबरोबर भिंतीवर काढलं: जाणारी गाडी, येणारी गाडी, दोन्हींत तीच पोर. पुढच्या वेळी तिला कनेरगाव नाक्याला बहिणीकडं सोडून आली, पोर रडली, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन घेऊन आली. परत चित्र. लोक म्हणायचे, हिला काय लागलंय, काहून उगा एसटीत बसून राहिली? तिनं कुणाला काही सांगितलं नाही. आणि एके दिवशी कावेरीनं स्वतःच येणाऱ्या गाडीतल्या पोरीच्या पाठीवरचा पट्टा पुसला. मायनं चित्रापुढं उकिडवं बसून बघितलं आणि मला म्हणाली, "तिला कळलं."

मग कावेरी गेली.

ती दिवाळीला आली, तेव्हा ओळखू येईना. अंगावर मांस चढलं होतं, डोळ्यांत चमक खेळत होती, आणि हात एक क्षण स्थिर नाहीत. भराभरा बोलत होती हातांनी. हसत होती, रागावत होती, काहीतरी मोठी गंमत सांगत होती. मायनं कोळसा पुढं केला. पोरीनं तो बाजूला ठेवला आणि मायची बोटं धरून खूण शिकवायला लागली. असं नाही, असं. कोळसा सफाईनं धरणारी ती बोटं या खुणांना वळेनात. पोरगी कंटाळली आणि बाहेर खेळायला गेली.

"चांगलंच झालं की गं," मी म्हणाले. "लेकरू बोलायला लागलं."

"व्हय मावशी, चांगलं झालं." बाजूला पडलेला कोळसा उचलत म्हणाली, "पण आता मीच भईरी झाले."

मला रडू आलं. तिला नाही आलं. तिनं भिंत सारवून घेतली, पोरीला शाळेत पोचवलं आणि त्या वर्षी पहिल्यांदा नवऱ्यासंगं मेंढरांमागं निघाली. घरी बसून काय करू, म्हणाली. गल्लीतली पोरं संध्याकाळी यायची, कुलूप बघायची आणि माझ्याकडं बघायची, जसं काही मीच लावलंय. मी त्यांच्यावर खेकसायचे. दुसरं काय करणार होते?

उन्हाळ्यात निरोप आला. सिद्धेश्वरच्या धरणाकडं मेंढरं होती. दुपारी ऊन लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपली. माती तिकडंच झाली. नवरा तिथून परस्पर नांदेडला गेला आणि पोरीला घेऊन आला. शाळेत त्यानं एवढंच सांगितलं, माय बिमार हाय. तिथल्या बाईंनी खुणांनी खरं सांगितलं तर वाटेत पोर रडेल म्हणून. त्याला ना खुणा येत होत्या ना चित्र.

दारात माणसं बसलेली. कावेरी आत गेली, बाहेर आली, परसात जाऊन आली. मग बापापुढं उभी राहून हातांनी विचारायला लागली. बापानं मान फिरवली. तिनं माझ्यापुढं येऊन विचारलं. दहा माणसं, आणि त्या लेकराशी बोलता येईल असं एकही नाही. मग तिनं चुलीतला कोळसा आणला आणि सारवलेल्या भिंतीवर मेंढरं काढली, काठी घेतलेली बाई काढली, आणि कोळसा माझ्या हातात दिला.

मी जन्मात चित्र काढलं नव्हतं. त्या बाईच्या पुढं मी एक गाडी काढली, वाकडीतिकडी, पलीकडं तोंड केलेली. दुसरं मला काही सुचलं नाही. कावेरी थांबली. मी आणखी काही काढीना, तेव्हा तिनं माझ्या हातातून कोळसा घेतला आणि मायनं शिकवलं होतं तशी दुसरी गाडी काढायला घेतली, घराकडं तोंड असलेली.

मी तिचा हात धरला आणि नाही अशी मान हलवली.

तिनं हात सोडवून पुन्हा सुरुवात केली. मी पुन्हा धरला, पुन्हा मान हलवली. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं कोळसा खाली ठेवला आणि भिंतीला पाठ लावून बसली. हात मांडीवर ठेवले. संध्याकाळपर्यंत ते हात हलले नाहीत.