बिनदाराचा तंबू

ट्रकची कव्हरं शिवते म्हणून अख्खी गल्ली तिला 'कव्हरवाली' म्हणायची, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही; उलट मान जरा ताठ व्हायची. बावीस वर्षं ती ताडपत्री शिवत होती. गल्लीच्या टोकाला शटरचं दुकान. आत दोघांनी मिळून उचलावं लागेल असं धूड मशीन, भिंतीवर ओळीनं टांगलेल्या कात्र्या, आणि फरशीवर खडूनं आखलेली मापं. त्या खडूवर चुकून पाय पडला तर गिऱ्हाईकसुद्धा सॉरी म्हणायचं. "माझ्या हातचं कव्हर आजवर परत आलेलं नाही," हे वाक्य ती दिवसातून निदान दोनदा बोलायची. ऐकायला कुणी नसलं तर नवऱ्याला ऐकवायची.

नवरा नळकाम करायचा आणि बोलायचा कमी. दिवसभर लोकांच्या बेसिनखाली डोकं घालून काम करणाऱ्याला बोलायची सवय राहत नाही, असं त्याच्या थोरल्या बहिणीचं मत होतं. तिनं मात्र भावाच्या वाट्याचंही बोलणं स्वतःकडे घेतलं होतं आणि ते नेटानं पुरं करत होती.

सगळं छान चाललं होतं, पण ट्रक बदलले. उघड्या ट्रकांच्या जागी बंद पेटीचे ट्रक आले. पेटीला कव्हर कशाला लागतंय? आठवड्याला चार कव्हरं शिवणारं मशीन महिन्याला चारवर आलं. कव्हरवालीनं गल्लीत तोरा तसाच ठेवला. फक्त मशीनला तेल जरा जास्त वेळा घालायला लागली.

अशात एक दिवस तळ्याचे काका दुकानात आले. गावाबाहेरच्या तळ्याकाठी त्यांचं मैदान होतं. शनिवार-रविवारी कुटुंबंच्या कुटुंबं तिथं तंबूत राहायला यायची. काका आले होते पंपाचं कव्हर शिवून घ्यायला, पण बोलता बोलता म्हणाले, "तंबू सगळे फाटलेत. बाजारातले आणतो, एका मोसमात चिंध्या होतात."

"मी शिवते की," कव्हरवाली म्हणाली. मशीन थांबवलंसुद्धा नाही.

"तंबू शिवलाय कधी?"

"दहा टनांचा माल झाकते मी. चार माणसं झाकायला काय अवघड आहे?"

काकांनी जरा विचार केला. "एक शिवा. पुढच्या शनिवारी घेऊन या, पोरांना घेऊन या, रात्र काढा. सकाळी पोरं हसत बाहेर आली तर बारा तंबूंचं काम तुमचं. रडत आली तर पंपाचं कव्हर तेवढं द्या."

बारा तंबू म्हणजे पुढच्या मोसमापर्यंत मशीन थंड पडायचं नाही. तिनं त्याच संध्याकाळी ताडपत्री फरशीवर पसरली. नवऱ्यानं पाइप कापून, एल्बो लावून सांगाडा केला. तो पाण्याच्या लाइनीइतका पक्का झाला. तोटी बसवली असती तर पाणीही आलं असतं. डबल शिलाई, कोपऱ्यांना चामड्याचे तुकडे, खालच्या काठाला हातभर अंतरावर पितळी रिंगा. आठव्या दिवशी दुकानासमोर सांगाडा उभा करून तंबू वरून चढवला. चारही बाजूंनी थापटून बघितला, दोर ताणले. नवऱ्यानं होजपाइपनं पाणी मारलं. थेंब आत गेला नाही.

"झालं," ती म्हणाली. नवऱ्यानं मान हलवली. एवढं कौतुक तिला वर्षभर पुरायचं.

आता या सहलीची बातमी नणंदेला कळणार नाही असं कसं होईल? शुक्रवारी ती दारात हजर. बरोबर एक लांबट पिशवी, त्यात विकतचा केशरी तंबू. "मीपण येते. तुमचा पडला तर पोरांना कुठंतरी झोपायला हवं ना, वहिनी," ती मायेनं म्हणाली. अशी माया नणंदेलाच जमते.

"या की ताई," कव्हरवाली म्हणाली. "तुमचा उडाला तर तुम्हालाही कुठंतरी झोपायला हवं."

शनिवारी दुपारी सगळी वरात तळ्यावर पोचली. सात वर्षांची लेक, जिला प्रश्न विचारण्याच्या हौसेमुळे घरात 'वकीलसाहेब' म्हणत; चार वर्षांचा ढब्बू, जो गाडीत बसल्यापासून खात होता; आणि उशा, स्टोव्ह, अंडी, पाव, शिवाय ढब्बूनं स्वतः भरलेली दगडांची पिशवी. तळ्यावर जाताना घरचे दगड कशाला, हे त्याला विचारायची सोय नव्हती.

नणंदेचा तंबू पिशवीतून काढताच आपोआप फुलला, छत्रीसारखा. ती लगेच खुर्ची टाकून बसली. इकडे अर्धा तास घाम गाळून सांगाडा उभा राहिला, त्यावर ताडपत्री चढली, वीस खुंट्या जमिनीत गेल्या, दोर तारेसारखे ताणले. तंबू कसा दिसत होता म्हणाल, तर घोंगडं पांघरून बसलेल्या हत्तीसारखा. जाम हलायचा नाही. लांबून काकांनी बघितलं आणि हात वर केला. कव्हरवालीनंही हात वर केला.

वकीलसाहेबांनी तंबूला एक फेरी मारली. मग दुसरी. मग आईच्या ओढणीला धरलं.

"आई, आत कुठून जायचं?"

"कुठून म्हणजे? दा..." कव्हरवाली म्हणाली आणि तिथंच थांबली.

दार नव्हतं. बावीस वर्षं तिनं जे जे शिवलं, ते वरून घालायचं आणि खाली बांधून टाकायचं. आत माल असतो. माल कधी पाणी प्यायला बाहेर येत नाही. तिनं तंबू चारही बाजूंनी बाहेरून पाहिला होता, पाणी मारून पाहिला होता. आत जाऊन बघावं हे तिच्या मनातही आलं नव्हतं. नवऱ्याच्याही नाही. त्याच्या पाइपांत तरी कोण आत जातं?

ढब्बू तोवर पालथा पडून दोन खुंट्यांमधून आत घुसला होता. आतून आवाज आला, "मस्त आहे. अंधार आहे. खायला काय आहे?"

"वहिनी," नणंद खुर्चीतून म्हणाली, "आम्ही मोठ्यांनीही असंच सरपटत जायचं का? नाही, माझं काय, मी बघायला तयार आहे."

कव्हरवालीनं उन्हाकडे बघितलं. काका संध्याकाळच्या फेरीला येणार होते. कात्री पिशवीत होती. पण धारदार कात्रीनं नवी शिलाई कापायची, ती रात्रीच्या वाऱ्यात उसवायची, आणि सकाळी तोंड दाखवायचं कसं? ती कमरेवर हात ठेवून मिनिटभर उभी राहिली. मग तिला हमाल आठवले. माल उतरवताना हमाल काय करतात? एका बाजूचे दोर सोडतात आणि अख्खी कड वर गुंडाळून टाकतात.

"अहो, जास्तीचे पाइप आहेत?"

नळकाम करणाऱ्याकडे जास्तीचे पाइप नाहीत असं होतच नाही. त्यानं दोन काढून दिले. तळ्याकडच्या बाजूच्या पाच खुंट्या उपटल्या, कड उचलली, दोन पाइपांवर तोलून पुढं ताणली. एक अख्खी भिंत छप्पर होऊन बाहेर आली. खाली सावली, समोर तळं, आत सरळ उभ्यानं चालत जायचं.

"ही अशीच पद्धत आहे," कव्हरवालीनं जाहीर केलं.

"आई, पद्धत आधी ठरवतात की नंतर?" वकीलसाहेब म्हणाल्या.

"तू अंडं खा."

नणंद इतकं गोड हसली की त्यापेक्षा बोलली असती तर बरं. काका संध्याकाळी आले, छपराखाली बसून चहा प्यायले, काही विचारलं नाही आणि गेले. रात्री भिंत खाली सोडून आतून दोर बांधले. बाहेर वारा सुटला. हत्ती हलला नाही. ढब्बू आपले दगड उशाला घेऊन झोपला. कव्हरवाली मात्र बराच वेळ जागी होती. 'पद्धत' हा शब्द कुसळासारखा टोचत होता.

सकाळी तिनं दोर सोडून भिंत वर केली, तर पोरं तळ्याकडे पळाली. इतक्यात केशरी तंबूतून दबका आवाज आला.

"वहिनी."

"काय ताई?"

"जरा येता का? चेन अडकलीय."

केशरी तंबूला दार होतं, दाराला चेन होती, आणि चेन मध्येच कापडात रुतून बसली होती. फटीतून नणंदेचं नाक आणि एक डोळा दिसत होता. कव्हरवालीला या क्षणी काय काय सुचलं ते सांगण्यासारखं नाही. तिनं फक्त पिशवीतून मेणबत्ती काढली, चेनच्या दातांवर घासली, कापड सोडवलं, चेन सर्रकन उघडली.

"दार असलं की असं होतं," ती म्हणाली. तेवढं ती बोलणारच.

नणंद केस सावरत बाहेर आली, तोच काका समोर. मागून ओली पोरं हसत पळत येत होती. ढब्बूकडे आता दगड जास्त झाले होते. काकांनी पोरांकडे बघितलं, छपराकडे बघितलं.

"बाई, काल विचारायचं राहिलं. याला दार नाही?"

कव्हरवाली बोलणार तेवढ्यात नणंद पुढं झाली. "ती आमच्या वहिनींची खास पद्धत आहे. मुद्दाम केलीय."

मेणबत्तीची फेड इतक्या लवकर होईल असं कव्हरवालीला वाटलं नव्हतं. तिनं नणंदेकडे पाहिलं. मग वकीलसाहेबांकडे पाहिलं. त्या पाणी निथळत, मान तिरकी करून उत्तराची वाट बघत होत्या. बारा तंबू एका बाजूला, आणि ती तिरकी मान दुसऱ्या.

"मुद्दाम कसलं," कव्हरवाली म्हणाली. "विसरले. ट्रकच्या कव्हरला दार लागत नाही, हाताला सवय नाही. इथं येऊन कळलं, मग भिंत उचलली."

नवरा खाली बसला. 'विसरले' हा शब्द त्यानं आजवर तिच्या तोंडून ऐकला नव्हता.

काका छपराखाली वाकले. दोर ओढून पाहिला, शिलाईवरून अंगठा फिरवला. "माझ्या सगळ्या तंबूंत माणसं रांगत जातात. म्हातारी माणसं तर येतच नाहीत." मग जरा थांबून म्हणाले, "परत विसरता येईल का?"

"सांगितलंत तर नीट विसरेन."

"मग बारा तंबूंची दारं विसरा."

परतीच्या वाटेवर ढब्बू झोपला आणि नणंद बोलत होती. घरी पोचल्यावर कव्हरवालीनं आधी दुकान उघडलं, फरशीवरचं जुनं माप स्वतःच्या हातानं पुसलं आणि नवं आखायला बसली. वकीलसाहेब खडू धरून शेजारी.

"आई, तुझ्या हातचं काहीच परत आलेलं नाही ना?"

"नाही."

"हा तंबू तर आपण परत आणला."

कव्हरवालीनं खडू तिच्या हातातून काढून घेतला. "अंडं खाल्लं होतंस का पूर्ण?"