पाटकरीणबाई आणि पाळीची कविता

आपल्याला कवितेतलं काही कळत नाही, असं पाटकरीणबाई स्वतःच सांगायच्या, आणि आमच्या कवितेच्या ग्रुपवर हुकूम मात्र त्यांचाच चालायचा. कालव्याचं पाणी कुणाच्या रानात कधी सोडायचं, हे बघणारा तो पाटकरी. बाई तशा पाटकरी नव्हत्या. पाटबंधारे खात्याच्या कचेरीत कारकून होत्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. पण नोकरीभर शेतकऱ्यांच्या पाळ्या लावल्या, ती सवय काही गेली नाही. चार माणसं दिसली की त्या त्यांना क्रमाने लावायला बघत. नाव आम्ही चेष्टेने ठेवलं होतं, त्यांनी ते खुशाल लावून घेतलं.

ग्रुपमध्ये बारामती आणि इंदापूर तालुक्यातले आम्ही दहा-बारा जण. नाव कवितेचं, पण आम्ही जास्त अलकच लिहायचो. अलक म्हणजे अति लघु कथा, चार ओळींत सुरू होऊन चार ओळींत संपणारी. माझं इंदापुरात मेडिकलचं दुकान आहे. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये याहून लांब काही लिहून होत नाही. बाईंनी मला नावाने कधी हाक मारली नाही. "काय वो मेडिकल, लय दिवसांत गोळी न्हाय सोडली," असा त्यांचा निरोप यायचा. गोळी म्हणजे अलक.

साखळी कविता ही कल्पनाही त्यांचीच. एकाने दोन ओळी लिहायच्या, पुढच्याने त्याला दोन जोडायच्या, आणि आधीच्याच्या ओळींना कुणी हात लावायचा नाही. बाईंनी तिचं नाव ठेवलं 'पाळीची कविता'. बारामतीच्या एका प्राध्यापिकाबाईंना ते रुचलं नाही. "हा शब्द ग्रुपवर बरा दिसत नाही," असं त्यांनी लिहिलं. बाईंचं उत्तर आलं, "का गं? कुठलीबी पाळी चुकली की जिवाला घोर लागतोच की." त्यानंतर नाव बदलायचा विषय कुणी काढला नाही.

नियम कालव्याचेच. ठरल्या दिवशी सुचलं नाही तर 'पुढं' एवढा शब्द टाकायचा, पाळी पुढच्याकडे जायची. सबबी चालत नसत. माझी मुलगी तापाने फणफणली होती म्हणून एकदा माझा दिवस हुकला, तर सगळ्यांदेखत त्यांनी सुनावलं, "कालवा कुणाच्या तापासाठी थांबत न्हाय." आणि पाचच मिनिटांत फोन. "पोरगी कशी हाय? लघवीला होतीय ना? नुसतं तुमच्या दुकानातलं पाजत बसू नका, डॉक्टरला दाखवा." ताप उतरेपर्यंत त्या रोज फोन करत होत्या, कवितेचं मात्र एका शब्दाने बोलल्या नाहीत.

छापून येण्याच्या बाबतीत आमचं नशीब यथातथाच होतं. बाईंची एक अलक एका दिवाळी अंकाकडे पाठवली, तर संपादकांनी कळवलं, 'कथाबीज चांगले आहे, विस्तार करून पाठवावे.' बाई म्हणाल्या, "कुंचीला बाह्या लावायला सांगतोय." दुसरी एक अलक गावोगावच्या ग्रुपमधून फिरत फिरत त्यांच्याच माहेरच्या, लोणी भापकरच्या ग्रुपवर आली आणि खाली नाव भलत्याच माणसाचं. मी चिडलो, त्या माणसाला फोन करायला निघालो. "ऱ्हाऊ द्या वो," बाई म्हणाल्या. "पाट फुटला म्हणायचं. कुणाच्या तरी रानात गेलं न्हवं पाणी?" माझा राग मात्र अजून गेलेला नाही.

त्यांची सगळ्यात गाजलेली अलक अशी होती: 'मला जाऊन आठ दिवस झाले. सुनेने सवयीने माझाही कप मांडला, मग उचलून ठेवला. चहा मात्र कुणाच्याच वाट्याला जास्त आला नाही.' ग्रुपवर नव्याने आलेल्या कुणीतरी पहिली ओळ वाचली आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली. मग काय, बाकीच्यांनीही न वाचता हात जोडले. कन्हेरीचे तात्या, आमच्यातले सगळ्यात वडीलधारे, मोटारसायकलवरून हार घेऊन थेट कोऱ्हाळ्याला त्यांच्या घरी पोचले. दार बाईंनीच उघडलं. तात्यांचा चेहरा बघून त्या इतक्या हसल्या की त्यांना भिंत धरावी लागली. "आणलाच हाय हार, तर चला विहारात जाऊ, वाया कशाला घालवायचा?" म्हणून त्यांनी तात्यांना चहा पाजला आणि विहारात घेऊन गेल्या.

बाईंची एकच इच्छा होती: एक पाळीची कविता पुरी व्हावी आणि पुस्तकात छापून यावी, खाली कुणाचंच नाव न घालता. "पाणी रानात शिरल्यावर कुठलं कुणाचं सांगता येतं का?" असं त्यांचं म्हणणं. आधीच्या सगळ्या कविता मध्येच रेंगाळून आटल्या होत्या. या खेपेला जमत आलं होतं. कालव्याच्या पाण्याची वाट बघत बांधावर बसलेल्या माणसांची कविता होती ती. आमच्या अलकांचं पुस्तक बारामतीत छापखान्यात गेलं होतं आणि शेवटचं पान या कवितेसाठी ठेवलं होतं. तात्यांनी आपल्या दोन ओळी टाकल्या. शेवटच्या ओळी बाईंच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या नंबरावरून मेसेज आला. 'आई आज सकाळी गेली. चहा घेतला आणि बसल्या जागी मान टाकली.'

खाली लगेच वाहवा सुरू झाली. 'जबरदस्त.' 'शेवट अंगावर आला.' कुणीतरी विचारलं, 'बाई, अलक झकास, पण कवितेचं काय?' तात्यांनी लिहिलं, 'आता न्हाय फसायचो. या वेळंला हार न्हाय.' मी दुकानात गोळ्यांची पट्टी कापत होतो. मलाही अलकच वाटली. मग एक आवाजी मेसेज आला. "मी सुमेध बोलतोय, बाईंचा मुलगा. अवो, ही गोष्ट न्हाय. आई खरंच गेलीय."

मी पट्टी कापली, पाकिटात घातली, सुटे पैसे परत दिले. कोऱ्हाळ्याला गेलो, सगळं होईपर्यंत उभा राहिलो. तात्या हार घेऊन आले होते, पण दाराच्या आत जाईनात. त्यांचा हात धरून मी त्यांना आत नेलं. आजूबाजूला बायका रडत होत्या. मला काहीच वाटत नव्हतं. घरी आलो, जेवलो, झोपही लागली. बायको म्हणाली, "बोला तरी काहीतरी." मी दुकानाची उधारीची वही काढून बसलो. पुढे कितीतरी दिवस तसेच गेले. कुणी बाईंचा विषय काढला की मी ओळखीतल्या कुणाची बातमी ऐकावी तसा मान हलवायचो.

छापखान्यातून विचारणा सुरू झाली. बाईंच्या ओळी राहिल्या होत्या, आणि त्यांच्यानंतर फिरून पहिली पाळी माझी होती. दोन ओळी लिहायला बसलो, तर हातातून अक्षर उतरेना. शेवटी मी 'पुढं' असं टाकलं. प्राध्यापिकाबाईंनी 'पुढं' टाकलं. त्यांच्यानंतरच्यानेही तेच. असं करत करत सगळ्या ग्रुपमधून नुसतं 'पुढं, पुढं' फिरलं. सगळ्यात शेवटी तात्यांनी 'पुढं' लिहिलं, आणि पाळी परत बाईंच्या नंबरावर येऊन थांबली.

आठवड्याभराने सुमेध दुकानात आला. "आईचं सिम बंद करायचंय," तो म्हणाला. "तेवढा ग्रुपातनं नंबर काढा."

"आत्ताच नको," मी म्हणालो. "पाळी त्यांच्यावर आलीय."

त्याला काही कळेना. मी त्याला कविता दाखवली. त्याने काउंटरवर कोपर टेकून ती पहिल्यापासून वाचली. तो ऊस करतो. कवितेशी त्याचा कधी संबंध आला नव्हता. वाचून झाल्यावर म्हणाला, "आमच्याकडं माणूस गेलं तर पाळी बंद पडत न्हाय. वारसाला मिळती. मी लिहिलं तर चालंल का? पर मला दोन ओळी न्हाय जमायच्या."

"एक लिही," मी म्हणालो.

बाईंचाच फोन त्याच्या खिशात होता. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत त्याने टाइप केलं, आणि तो निघून गेला. माझा फोन काउंटरवर वाजला. बाईंच्या नंबरावरून एकच ओळ आली होती:

'आई, पाणी सुटलंय. ऊठ.'

ती ओळ वाचली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला कळलं, की बाई गेल्या.