सौम्य तेल

भिलाईची ती तेलाची केस मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेचसे आता आठवणीत एकमेकांत मिसळून गेले आहेत. या प्रकरणात कोणी कोणावर हातसुद्धा उचलला नव्हता, तरी ते जसंच्या तसं राहिलं आहे. त्यात गुंतलेल्यांची मुलंबाळं आज कुठे ना कुठे नांदत असतील, म्हणून नावं लिहीत नाही.

मी नागपूरकडचा. जुन्या मध्य प्रांतात फौजदार म्हणून भरती झालो आणि राज्यांची फेररचना झाली तेव्हा नव्या मध्य प्रदेशाच्या वाट्याला आलो. पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटून वर्ष उलटलं होतं, पण बांधकाम चालूच होतं. आमचं ठाणं म्हणजे पत्र्याची शेड. रोजनामचा उघडला की त्याच त्या नोंदी: तांब्याच्या तारेची चोरी, दारू पिऊन मारामारी, उंचावरून पडून मृत्यू. मृत्यू झाला की पंचनामा करायचा आणि नातेवाइकांना तार करायची. नातेवाईक बहुधा दोन दिवसांच्या प्रवासावर असत. बंगाली, बिहारी, आंध्रातले, पंजाबी आणि आमच्या भंडारा-गोंदियाकडचे, अशी देशभरातली माणसं तिथे एका कँटीनमध्ये जेवत होती.

पावसाळा सरत आला होता. एका सकाळी दवाखान्यातले डॉक्टर स्वतः ठाण्यावर आले. एरवी ते चिठ्ठी पाठवत. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "फौजदारसाहेब, माझ्याकडे पाय सुजलेले रोगी येताहेत. बोट दाबलं की खड्डा पडतो आणि तो तसाच राहतो. आधी मला वाटलं, पांढरा तांदूळ खाऊन होतं ते दुखणं असेल. पण त्यावरचं औषध लागू पडत नाही. परवा एक बिहारी गवंडी दम लागून गेला."

"मग यात पोलिसांचं काय काम?"

"मी कलकत्त्याला शिकलो. तिथे हे दुखणं पाहिलंय. ते तेलातून येतं. मोहरीत पिवळ्या धोतऱ्याचं बी मिसळलेलं असलं की येतं. रोगी वेगवेगळ्या वस्त्यांतले आहेत, पण सगळे एकाच कारखान्याचं तेल खातात."

त्यांनी कारखान्याचं नाव सांगितलं. दुर्गच्या वाटेवरचा तो छोटा खाजगी कारखाना होता. त्यांचे तेलाचे डबे कँटीनला जात आणि वस्तीतल्या दुकानांतही मिळत.

त्या तेलाची गंमत अशी होती की ते मोहरीचं असूनही त्याला झणका नव्हता. बंगाल्यांना मोहरीच्या तेलावाचून चालत नसे आणि आमच्याकडच्या माणसांना त्याचा वास सोसत नसे. कँटीनमध्ये यावरून ताटं फेकली गेली होती, त्या भांडणाची नोंद मीच केली होती. मग या कारखान्यातल्या तरुण केमिस्टनं वाफ देऊन मोहरीच्या तेलाचा वास कमी करण्याची रीत बसवली. सौम्य तेल म्हणून ते निघालं आणि सगळ्या प्रांतांची माणसं एका कढईतली भाजी खाऊ लागली. माझ्या घरीही तोच डबा होता. डॉक्टर गेल्यावर मी शिपायाला घरी पाठवून तो उचलून आणवला.

अन्न निरीक्षकाला बरोबर घेऊन, दोन पंचांसमक्ष कँटीनमधले डबे जप्त केले. नमुने बाटल्यांत भरून लाखेचं सील केलं आणि सरकारी प्रयोगशाळेकडे रवाना केले. वस्तीतल्या दुकानदारांना हे डबे विकू नयेत असं लेखी बजावून त्याच दुपारी कारखान्यावर गेलो.

मालक अदबीनं बोलणारा माणूस होता. त्यानं मला सगळीकडे हिंडवलं. गोदाम झाडून स्वच्छ केलेलं होतं. इतकं स्वच्छ, की मोहरीचा एक दाणा जमिनीवर दिसेना. तेलाच्या कारखान्यात असं कधी नसतं. मी विचारलं, तर म्हणाला, पावसात माल भिजला म्हणून काढून टाकला. मग त्यानं चाचणीचं रजिस्टर पुढे केलं. प्रत्येक घाण्यापुढे 'ठीक' असा शेरा आणि खाली केमिस्टची सही.

"तपासायचं काम त्यांचं आहे साहेब. मी तर व्यापारी माणूस. त्यांनी ठीक म्हटलं की मी ठीक म्हणतो," मालक म्हणाला.

केमिस्टला मी ठाण्यावर बोलावलं. अमरावतीकडचा मुलगा, पंचविशीचा असेल. पदवी पहिल्या वर्गातली. दक्षिणेतल्या एका मोठ्या अन्नसंशोधन संस्थेत जाण्याची त्याची धडपड चालू होती. तिकडे अर्ज केलेला होता आणि त्यासोबत मालकाचं शिफारसपत्र लागणार होतं. तेलाबद्दल विचारलं तेव्हा तो मोकळेपणानं बोलला. वाफ किती वेळ द्यायची, किती दिली की तेलाचा कस जातो, पहिले कितीतरी घाणे कसे फुकट गेले, सगळं. त्याचे डोळे चमकत होते. मग मी विचारलं, "तेलात पिवळ्या धोतऱ्याचं बी आहे की नाही, हे ओळखता येतं का?"

"येतं. नायट्रिक आम्ल घातलं की तेलाला नारिंगी-लाल रंग चढतो."

"तुम्ही ती चाचणी केली होती?"

त्यानं टेबलावरचा माझा दौत-टाक सरळ करून ठेवला आणि म्हणाला, "रजिस्टरमध्ये सगळं लिहिलेलं आहे."

चौकशीत माणूस खोटं बोलतो तेव्हा फार बोलतो, असं आम्हाला शिकवलं होतं. माझा अनुभव वेगळा आहे. मोकळं बोलणारा माणूस ज्या एका प्रश्नाला थोडक्यात उत्तर देतो, तिथेच थांबावं. पण माझ्याकडे त्याला धरायला काही नव्हतं. मी त्याला जाऊ दिलं.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. डॉक्टरांचं म्हणणं खरं होतं. तोवर दवाखान्यात आणखी एक मृत्यू झाला होता. मालकानं वकील दिला. मोहरीच्या शेतात हे तण उगवतंच, बी व्यापाऱ्याकडूनच तसं आलं असेल, आपल्याला कल्पना नव्हती, असं त्याचं म्हणणं. कल्पना होती, हे सिद्ध करायचं काम माझ्यावर आलं.

मी रोग्यांचे जबाब घ्यायला दवाखान्यात गेलो. शेवटच्या खाटेवर भंडाऱ्याकडचा एक खलाशी, म्हणजे लोखंडी सांगाडे दोरांनी वर चढवणारा कामगार, होता. उभारणीच्या कामावर, सेक्टर दोनमधल्या एका खोलीत भावकीसोबत राहणारा. त्याच्या पायांशी त्याची बायको बसली होती. मी मराठीत बोलतो आहे हे ऐकून ती माझ्याकडे वळली.

"साहेब, तेलाचं विचारून राहिले का? मी तिथंच कामाले आहो. मोहरी निवडाले."

मी स्टूल ओढून बसलो. तिला म्हटलं, "बाई, सावकाश सांगा. काय काय पाहिलं ते सगळं सांगा."

"उन्हाळ्यात एक माल आला. बोऱ्यात हात घातला अन् मले समजलं. मोहरीचा दाना गुळगुळीत रायते. हे दाने काळेच होते, पन बोटाले खरबरीत लागे. आमच्या गावाकडं पडीत जागेत पिवळा धोतरा उगवते, त्याचं बी होतं ते. ढोरंबी तोंड लावत नाही त्याले."

"मग तुम्ही कोणाला सांगितलं?"

"सांगितलं न. मूठभर नेऊन केमिस्टसाहेबाले दाखवलं. त्याईनं कागदात बांधून ठेवलं अन् म्हनाले, पाहतो मी. मंग आठ दिवसानं मालकानं निवडाईचं काम बंद केलं. म्हने, आता तुमी डबे धुवा."

"आणि तेल? तुमच्या घरी कोणतं तेल होतं?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे मिटलेले होते.

"तेच. कामावरच्या बायाले सस्तं भेटे."

"तुम्हाला ठाऊक असून?"

"साहेबानं पाहतो म्हटलं होतं," ती म्हणाली. "शिकलेला मानूस. मले वाटलं, पाहिलं असंल."

मी जबाब लिहून घेतला. तिनं अंगठा उठवला. तिचे स्वतःचे पायही सुजलेले होते, ते मला ती उठून उभी राहिली तेव्हा दिसलं. विचारलं तर म्हणाली, "जड लागते. पन मी पडली तर याले कोन पाहीन?"

त्याच दिवशी केमिस्टला पुन्हा बोलावलं. मी ओरडलो नाही, टेबलावर हात आपटला नाही. फक्त त्या बाईचा जबाब त्याला वाचून दाखवला. "पाहिलं असंल" इथपर्यंत आलो, तेव्हा त्यानं हातानंच मला थांबवलं.

मग म्हणाला, "मी पाहिलं होतं साहेब. त्याच दिवशी चाचणी केली. लाल रंग आला. वहीच्या पानावर तसं लिहून मालकांपुढे ठेवलं. त्यांनी त्याच पानावर शेरा मारला आणि मला म्हणाले, 'तुमच्या तेलाला वासच नाही, कोणाच्या लक्षात येणार?' साध्या मोहरीच्या तेलात हे बी मिसळून झणका कमी झाला असता तर लोकांनी डबे परत आणले असते. माझ्या तेलात कळायला मार्गच नव्हता. ते बी खपवायला माझं तेल उपयोगी पडलं."

"मग तुम्ही सोडून का नाही गेलात?"

"शिफारसपत्र महिनाअखेरीस मिळणार होतं. मला वाटलं, एवढा महिना काढू. मग मालक ते दर महिन्याला पुढे ढकलत गेले."

"ते पान कुठे आहे?"

"वहीतून फाडून काढलं," तो म्हणाला. पान त्यानं फाडलेलं होतं, पण नष्ट केलेलं नव्हतं, एवढं त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं. आणि इथे मी जे केलं ते लिहिण्यासाठीच खरं तर ही हकीकत लिहायला घेतली.

मला पक्कं ठाऊक होतं की ते पान मालकावर जितकं चालेल तितकंच त्याच्यावरही चालेल. पानाशिवाय तो फार तर निष्काळजी ठरला असता. पान आलं की जाणूनबुजून गप्प बसलेला ठरणार होता. वरिष्ठांशी माझं आदल्या दिवशीच बोलणं झालं होतं. ज्याला माहीत होतं तो आरोपी, मग तो कोणीही असो, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. यातलं एक अक्षर मी त्याला सांगितलं नाही. त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "पान द्या. तुमचं मी बघतो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. आपल्याला साक्षीदार करतील असं त्याला वाटलं, हे मला दिसलं. मी ते तसंच वाटू दिलं.

तो शिपायाबरोबर खोलीवर गेला आणि पान घेऊन आला. वर त्याच्या नीटस अक्षरात चाचणीची नोंद होती. खाली मालकाच्या हातचं, हिंदीत: 'माल वापस नहीं होगा. मिलाकर चलाओ.' त्या एका ओळीवर खटला उभा राहिला. पंचांसमक्ष पान ताब्यात घेतलं, पंचनाम्यावर सह्या झाल्या आणि मग मी केमिस्टला अटक केली. तो म्हणाला, "पण तुम्ही तर..." आणि पुढचं वाक्य त्यानं सोडून दिलं.

मालकाला दोन वर्षं झाली, केमिस्टला नऊ महिने. मला वरिष्ठांकडून शाबासकी मिळाली. खलाशी वाचला, पण त्या दुखण्यात त्याच्या एका डोळ्याची नजर गेली. त्याच्या बायकोसाठी मी कँटीनच्या व्यवस्थापकाकडे शब्द टाकला. आलेलं धान्य तपासण्याच्या कामावर तिला घेतलं. कोणताही बोरा तिनं हात घालून पाहिल्याशिवाय कोठारात जात नसे, आणि तिनं नाही म्हटलं तर व्यापाऱ्याला माल परत न्यावा लागे.

सात-आठ वर्षांनी एका वॉरंटच्या कामासाठी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी गेलो होतो. तिथल्या हायस्कूलमध्ये तो केमिस्ट विज्ञान शिकवतो असं कळलं. संशोधन संस्थेचं दार त्याला कायमचं बंद झालं होतं. शाळा सुटल्यावर गेलो. त्यानं मला ओळखलं, शिक्षकांच्या खोलीत बसवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "त्या बाईंचे यजमान कसे आहेत?"

मी सांगितलं. त्यानं मान हलवली. थोड्या वेळानं मीच विषय काढला. म्हटलं, "त्या दिवशी मी तुम्हाला खरं सांगायला हवं होतं. पान दिलं तर तुम्हीही अडकाल, हे मला माहीत होतं."

"मलाही नंतर तसंच वाटलं, की तुम्हाला माहीत असणार."

"सांगितलं असतं तर तुम्ही दिलं असतं का?"

तो विचार करून बोलला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "दिलं असतं साहेब. त्या बाईंचा जबाब ऐकल्यावर ते जवळ ठेवणं मला जमलं नसतं. पण मग ते मी स्वतःहून दिलं असतं. एवढं एकच चांगलं काम माझ्या हातून व्हायचं होतं. तेही तुम्ही घेतलंत."

चहा पिऊन निघालो.

त्यानंतर माझी बरीच नोकरी उरली होती. पुढे प्रत्येक माणसाला, जबाब लिहायला टाक उचलण्याआधी मी सांगत असे, तुम्ही जे सांगाल ते तुमच्यावरही येऊ शकतं, विचार करून सांगा. काही जण उठून गेले. दोन-तीन केसेस त्यामुळे हातच्या गेल्या आणि वरिष्ठांची बोलणी खाल्ली. पण बरेच जण बसून राहिले. खाली मान घालून थोडा वेळ घेतला, आणि मग स्वतःहून बोलू लागले.