गंजलेला जुडगा

पोलादपूरला माझ्या शेजारी राहणाऱ्या काकूंना हळू बोलता येत नाही. देवापुढे हात जोडतानाही त्या भांडल्यासारख्याच बोलतात. एसटीत त्यांनी कुणाशी वाद घातला की मी ओळख नसल्यासारखा बाहेर बघत बसतो.

गेल्या उन्हाळ्यात कशेडीकडच्या त्यांच्या शेतातून रस्त्याचं खोदकाम चाललं होतं. मला त्या सोबत घेऊन गेल्या होत्या. जेसीबीने उपसलेल्या मातीतून वीतभर लांब लोखंडी किल्ल्यांचा गंजलेला जुडगा निघाला. मुकादमाने तो झटकला आणि खिशात घातला.

"ठेव रे तो खाली!" काकू ओरडल्या.

"भंगार हाय, मावशी."

"भंगार हाय, तर खिशात कशाला?"

त्याने जेसीबी पुन्हा सुरू करायला सांगितलं. काकूंनी पदर खोचला आणि त्या सरळ खड्ड्यात उतरून बसल्या. "तहसीलदाराला बोलाव. तवर मी हलायची नाय." मी वर या म्हणून विनवू लागलो, तर माझ्यावरच खेकसल्या, "मास्तर, तुम्ही फोन लावा!"

मी लावला.

संध्याकाळी अधिकारी आले. किल्ल्या शिवकाळाच्याही आधीच्या असाव्यात, असं म्हणाले आणि पंचनामा करून संग्रहालयासाठी घेऊन गेले.

"काय मिळालं गो मावशी तुला?" मुकादमाने टोमणा मारला.

"कोणतरी दाराला कुलूप लावून गेला असंल, माघारी येईन म्हणून," काकू म्हणाल्या. "तो नाय आला. म्हणून काय त्याच्या किल्ल्या तुझ्या झाल्या?"