सूर चढवत नेलेला प्रकाश

तुम्हाला विज्ञान कळत नाही, की ते ज्या भाषेत शिकवलं ती भाषा कळत नाही? कधी तपासून पाहिलंत?

सत्तरच्या दशकात आम्ही सोलापुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. माझा खोलीतला सोबती करकंबचा. वर्गापुढे प्रत्येकाला एक सेमिनार द्यावा लागे. त्याच्या वाट्याला लेझरवरचा एक परदेशी लेख आला. इंग्रजीत बोलायचं म्हटलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटे.

"ह्या टायमाला जमलं न्हाय तर फिजिक्स सोडतो अन् गावाकडं जातो," तो म्हणाला. थट्टा नव्हती ती.

मी मराठी भाषेच्या चळवळीची पत्रकं वाचून मोठा झालेला. आमच्या घरी ताटाखालीसुद्धा पत्रक असायचं. मी जाहीर करून टाकलं, सेमिनार मराठीत होईल! आणि ईर्ष्येने लेखाला मथळा दिला : 'कूजित स्पंदाद्वारे अणूचे ऊर्जास्तरांतर'.

"कूजित मंजी?"

"चिवचिवणारा. इंग्रजीत तसंच म्हणतात."

"आरं, लेझर हाय का चिमणी? ह्यापरीस विंग्रजी बरं की, मर्दा!"

मी चिडलो, पण कागद बाजूला ठेवला. तेवढ्यात गिरणीचा दुपारचा भोंगा सुरू झाला. आधी खर्जात, मग चढत चढत वर.

"हे ऐक. प्रकाशाचा सूर असाच चढवत न्यायचा. अणूला वरच्या पातळीवर जायला एक नेमका सूर लागतो. आपण त्याच्या खालून निघायचं आणि त्याला ओलांडून पुढे जायचं."

"ओलांडायचं कशाला? तोच धरून बसावं की."

"धरून बसलास तर अणू वर जातो, आणि प्रकाश जरा जास्त वेळ टिकला की परत खाली येतो. सूर चढवत नेला तर अणू त्याच्याबरोबर वळत जातो आणि वरच राहतो. फक्त सावकाश न्यायचा. घाई केली तर तो मागे राहतो."

"अन् लईच सावकाश नेला तर?"

"मग मध्येच ऊर्जा सांडून बसतो."

तो एकदम हसला. "नांगराच्या तासाच्या शेवटाला बैल वळवावा तसं हाय की हे! हिसका दिला की अडतो. लई रेंगाळलं की बांधावरच्या गवतात त्वांड घालतो."

सेमिनारला तो मराठीत बोलला. बैलासकट. मागचे बाक खिदळले.

"इंग्रजीत का नाही?" सरांनी विचारलं.

मी ताडकन उठलो; माझं भाषण तयारच होतं. सरांनी माझ्याकडे न बघता हातानेच मला खाली बसवलं आणि त्याला म्हणाले, "बरं, सूर चढवण्याऐवजी उतरवत नेला तर?"

हे लेखात नव्हतं. मी त्याला सांगितलेलंही नव्हतं. त्याने हातातल्या खडूने हवेतच एक वळण काढलं.

"तरीबी वरच जाईल, सर," तो म्हणाला. "बैल डाव्या अंगानं वळवा न्हायतर उजव्या, त्वांड फिरतंयच."

"फळ्यावर दाखव."

त्याने फळ्याकडे वळून समीकरण मांडलं, चिन्ह उलटं केलं. उत्तर तेच आलं. सरांनी मान हलवली आणि पुढच्या मुलाला बोलावलं. माझा सोबती भौतिकशास्त्रातच राहिला.

तुमच्या ओळखीत आत्ता कुणीतरी एखादा विषय सोडायच्या बेतात असेल. या आठवड्यात त्याच्याजवळ बसा आणि त्या विषयातली एक गोष्ट त्याच्या घरच्या बोलीत सांगा. तुमच्या शब्दाला तो हसला, तर शब्द बदला.